‘बादली’च्या उणिवा

‘उणिवा’ हा शब्द तिला आधी दिसला. वास्तविक जमेच्या बाजू त्याच्या वर होत्या, ठळक अक्षरांत, आणि त्या कमीही नव्हत्या. पण वरून निसटलेली नजर थेट खाली येऊन त्या एका शब्दावर बसली. समोरच्या पडद्यावर खोकल्याच्या औषधाचं खोकं उलगडून पडलं होतं. खोक्यांच्या कारखान्यात तिचं कामच ते, उभं राहणारं खोकं आडवं पसरलं तर कसं दिसेल ते काढायचं. कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, कुठल्या पट्टीला गोंद लागणार. झाकणाची पट्टी अर्धवट राहिली होती. मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा असा तिथला नियम होता आणि तिचा मोबाइल ड्रॉवरमध्येच होता, फक्त ड्रॉवर उघडा होता. ‘बादली’ हा गेम बाजारात आल्यापासून त्याच्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. ओळखीच्यांनी ‘मस्त’ म्हटलं होतं, अंगठे दाखवले होते, बहुतेकांनी तो उघडलासुद्धा नसावा. आणि आज, सकाळच्या चहाच्या आधीच, गेमवर लिहिणाऱ्या एका अनोळखी माणसाने ‘बादली’साठी अख्खं पान खर्च केलं होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तिच्याकडे पाहून हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक ना. ती ठीक म्हणाली, आणि त्यांना पटेल अशा बेताने थोडं हसलीही.

‘बादली’ हा तिचा आणि तिच्या भावाचा गेम. भावाला सगळे धाकटा म्हणत. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागले होते, दिवसभर तो या ऑफिसातून त्या ऑफिसात फोटोकॉपीची मशिनं दुरुस्त करत फिरायचा, तरी धाकटा तो धाकटाच. चित्रं तिची, मजल्यांची रचना तिची. संगीत, आवाज आणि कॉम्प्युटरच्या आतलं सगळं त्याचं. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसलं की आई भांड्यांकडे वळायची आणि ही दोघं टेबलाचा ताबा घ्यायची. गेम जुन्या वळणाचा होता. चौकोनी ठिपक्यांची चित्रं, मोजके रंग, या कठड्यावरून त्या कठड्यावर उड्या मारत वर जायचं. पैसे नव्हते म्हणून जुन्या वळणाचा केला, असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. पण मावशीच्या घरच्या टीव्हीसमोर पोटावर पडून असलेच गेम खेळत ती दोघं वाढली होती, तेही खरं होतं. इमारतीचा पंप बंद पडलाय आणि एक मुलगी भरलेली बादली घेऊन वर निघालीय, एवढीच त्यातली गोष्ट. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी पाण्याची वाट बघत असतं. बादली भरलेली असली की उडी बुटकी पडते, पाणी सांडलं की हलकी आणि उंच होते. म्हणून किती सांडायचं आणि किती जपायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. हे तिला कुठल्या पुस्तकातून सुचलं नव्हतं. लहानपणी त्यांच्या इमारतीचा पंप असाच रुसायचा आणि दोघं जिन्याने पाणी चढवायची. दुसऱ्या मजल्यानंतर धाकटा मुद्दाम धक्के खात चालायचा, म्हणजे बादली हलकी व्हावी. वर पोचल्यावर आई बादलीत डोकावून बघायची आणि काहीच बोलायची नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तिने जमेच्या बाजू मग रीतसर, पहिल्या ओळीपासून वाचल्या. ‘इतका विचार करून उडी मी कित्येक वर्षांत मारली नव्हती,’ असं त्या माणसाने लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की खाली उतरताना ती मुलगी गुडघ्यात किंचित वाकते, मोकळा हात बाजूला काढून तोल सावरते, आणि तेवढ्यावरून बादलीचं वजन आपल्या खांद्याला जाणवतं. ते वाक्य तिने पुन्हा वाचलं. तो गुडघा म्हणजे होते तरी काय, मूठभर ठिपके. पण त्या ठिपक्यांसाठी तिने आईला भरलेली बादली घेऊन घरातल्या बोळातून फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आई पुढे, ही कागद घेऊन मागे, आणि सर्वांत मागे धाकटा हातात माइक धरून, कारण त्याला हिंदकळण्याचा आवाज हवा होता. आता पुरे का, असं आई दर फेरीला विचारायची, आणि तिचा तो प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये येऊन फेरी वाया जायची. फरशी ओली, आईच्या साडीचा काठ ओला. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी खोलीत बसून एका परक्या माणसाने आपल्या आईचा गुडघा ओळखला, या विचाराने तिच्या छातीत काहीतरी फुगून आलं. तिने खोक्याच्या झाकणाची पट्टी उगाचच एकदा मोठी करून पाहिली आणि पुन्हा होती तशी केली. आपण ताठ बसलो आहोत हे तिच्या लक्षात आलं. एरवी दुपारपर्यंत पाठीला पोक यायचा.

उणिवाही तिने मग धीराने घेतल्या. गेम लवकर संपतो, खरंच होतं. गच्चीवरची कबुतरं नको तितक्या वेळा अंगावर येतात. त्यांचं चित्र तिला फार साधलं होतं म्हणून तिने ती जागोजाग पेरली होती, हेही खरंच. वर चढताना दृश्य दाखवणारा कॅमेरा मागे रेंगाळतो. त्या कॅमेऱ्याशी धाकट्याने अख्खा उन्हाळा झुंज दिली होती आणि शेवटी हात टेकले होते. प्रत्येकावर ती मनातल्या मनात मान डोलावत गेली. घरचं माणूस कुणी बाहेरच्याने अचूक ओळखावं आणि आपल्याला राग येण्याऐवजी गंमत वाटावी, तसं काहीसं झालं. शेवटची उणीव आवाजाची होती. धून कानात बसते, त्याने लिहिलं होतं, बादली रिकामी होत जाते तशी धूनही बारीक होत जाते ही कल्पना सुरेख आहे. पण सगळे आवाज एकाच जागी साचलेले आहेत, भिंतीपलीकडून आल्यासारखे. डावं-उजवं काही नाही. एरवी चालून गेलं असतं, पण काळोखाच्या मजल्यावर वरून पाणी गळतं, ते कुठून गळतंय हे केवळ आवाजावरून ओळखायचं असतं, आणि तिथे खेळणारा नुसता गरगरा फिरत राहतो आणि थेंब अंगावर पडून नाहक मरतो. ‘बहुधा बजेटची मर्यादा.’

बजेट. तिने ड्रॉवर बंद केला. इतका वेळ चाललेलं ते गोड फुगणं एकदम थांबलं आणि त्या जागी एक जुनी, ओळखीची कळ आली. धाकटा शाळेत जायला लागला त्या वर्षी त्याला गालगुंड झाले होते. गाल सुजले, ताप आला, ताप उतरला, गाल बसले, सगळे हुश्श म्हणाले. बऱ्याच दिवसांनी आईच्या लक्षात आलं की डाव्या कुशीवर झोपला की त्याला हाक ऐकू येते आणि उजव्या कुशीवर झोपला की येत नाही. डॉक्टरांनी कानात नळ्या घालून पाहिलं आणि डावा कान गेला म्हणून सांगितलं, जणू तो कुठे बाहेर गेला होता. एक कान गेल्याने आवाज कमी ऐकू येतो असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. त्याला ऐकू सगळं यायचं, पण कुठून ते कळायचं नाही. शाळेच्या मैदानावर तिने भिंतीपाशी उभं राहून हाक मारली की तो जागच्या जागी भिंगरीसारखा फिरायचा, झाडाकडे बघायचा, फाटकाकडे बघायचा, एकदा तर वर आभाळाकडेही त्याने बघितलं होतं, आणि पोरं हसली होती. ती हसली नव्हती. तिने हाक मारणं सोडलं आणि हात हलवायला सुरुवात केली. अंगावर कुठल्या रंगाचे कपडे आहेत हे ती तेव्हापासून बघते. लांबून उठून दिसतील असे. ही सवय रंगांच्या कामाला उपयोगी पडली, असं ती कधीकधी विनोदाने म्हणते, कारण सांगत नाही.

दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या जिन्यात जाऊन बसली. त्या माणसाचा निरोपही येऊन पडला होता. पान प्रसिद्ध झालंय, त्याने लिहिलं होतं, गेम मनापासून आवडला. आवाजाच्या बाबतीत मात्र कुतूहल वाटतं, काही कारण असेल तर कळवा, मी एक ओळ जोडतो. आणि मागे काही खास गोष्ट असेल तर अवश्य सांगा, वाचकांना अशा गोष्टी आवडतात, साइटच्या पहिल्या पानावर घेता येईल. तिने जेवण बाजूला ठेवून उत्तर लिहायला घेतलं. ते इतकं सरसर येत गेलं की जणू वर्षानुवर्षं आतमध्ये लिहूनच ठेवलं होतं. तुम्ही ज्याला बजेट म्हणता तो माझ्या भावाचा कान आहे. संगीत करणाऱ्या माणसाला एकाच कानाने ऐकू येतं, आणि तरीही तुमच्या कानात बसली ती धून त्याने केली आहे. लिहून झाल्यावर तिने वाचलं आणि तिचं तिलाच भरून आलं. हे वाचून तो माणूस खजील होईल, उणिवांतून ती ओळ काढून टाकेल, कदाचित वर नेऊन जमेच्या बाजूंत घालेल. लोक धाकट्याविषयी वाचतील. ‘बादली’ पहिल्या पानावर येईल, जिथे येण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या धडपडतात. बोट बटणापर्यंत गेलं होतं. ते का थांबलं हे तिला लगेच कळलं नाही. जिन्यातल्या खिडकीतून मालाच्या गाड्या लागलेल्या दिसत होत्या, एक ड्रायव्हर टपावर उभा राहून दोर आवळत होता, आणि तिच्या डोक्यात कुठलाही संबंध नसताना कीबोर्डच्या क्लासचा तो पिवळा दरवाजा उभा राहिला.

त्या क्लासला धाकटा आवडीने जायचा. सर कडक होते. चूक झाली की पेन्सिलीने टेबलावर टक् करायचे, पुन्हा म्हणायचे, पुन्हा चूक झाली की पुन्हा टक्. घरी येऊन धाकटा त्यांची नक्कल करायचा, पण दुसऱ्या दिवशी वेळेआधी दप्तर टाकून पळायचा. मग एका संध्याकाळी आई सरांना जाऊन भेटली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं; पोराला एका बाजूने ऐकू येत नाही, जरा सांभाळून घ्या, एवढंच ती म्हणाली. सरांनी सांभाळून घेतलं. पेन्सिल थांबली. तो काय वाजवेल त्याला सर छान म्हणायला लागले, इतर मुलांना थांबवून त्याच्याकडे बघायला सांगायला लागले, डोक्यावरून हात फिरवायला लागले. महिनाभराने धाकट्याने क्लास सोडला. आईने कारण विचारलं, रागावली, समजावलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. फक्त तिला, जिन्यात, त्याने सांगितलं होतं: ‘ताई, आता मला बरोबर वाजवतोय की चुकीचं, हेच कळत नाही.’ त्यानंतर तो एकटाच शिकला. मावशीच्या टीव्हीवरच्या गेमच्या धुनी उजव्या कानाने ऐकून, पुन्हा पुन्हा वाजवून, स्वतःच स्वतःला टक् करत.

तिने मोबाइल खिशात टाकला. उत्तर पुसलं नाही, पाठवलंही नाही. दुपारभर खोकल्याच्या औषधाचं झाकण बसेना. साहेब येऊन गेले, पट्टी एका बाजूने जास्त दिसतेय म्हणाले, आणि ती नीट बघून ‘हो, जास्त आहे’ म्हणाली, तेव्हा तेच जरा चपापले. त्यांना वादाची सवय होती. पण मनाने ती काळोखाच्या मजल्यावर होती. तो मजला तिचाच. पडदा जवळजवळ काळा, फक्त मुलीच्या पायांपुरता उजेड, आणि वरून टप् टप्. तो काढायला तिला मजा आली होती, कारण काढायचं फारसं काही नव्हतं. खेळून बघताना ती तिथे कधी अडली नाही; थेंब कुठे पडणार हे तिला पाठ होतं, तिनेच ते ठेवले होते. धाकटाही अडला नव्हता. हा मजला अवघड आहे का रे, असं तिने एकदा विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, नेहमीसारखाच आहे. तिने ते ‘इतर मजल्यांसारखा’ असं घेतलं होतं. आता, पडद्यावरच्या आडव्या खोक्याकडे बघत असताना, त्या शब्दाची घडी उलगडली. नेहमीसारखा म्हणजे रोजच्या रस्त्यासारखा. मागून गाडीचा भोंगा वाजतो आणि ती कुठल्या अंगाने येतेय ते कळत नाही, बाजारात कुणी नाव घेऊन हाक मारतं आणि माणसांच्या गर्दीत तोंड शोधावं लागतं, तसा. तो परका माणूस तिथे गरगरा फिरला होता आणि नाहक मेला होता. शाळेच्या मैदानावर हसणाऱ्या पोरांपैकी कुणी जिथे कधी उभं राहिलं नव्हतं, तिथे तो, कुणी न सांगता, उभा राहून आला होता. वाईट वाटावं की हसू यावं हे तिला ठरवता येईना. आणि ती स्वतः, हात हलवण्यात इतकी पटाईत झालेली, तीसुद्धा तिथे कधी उभी राहिली नव्हती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा धाकटा आधीच आलेला होता. हातांना मशिनच्या शाईचे काळे डाग, समोर चहा. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. तिने ठरवलं होतं की जमेच्या बाजू आधी वाचून दाखवायच्या, सावकाश, मग बाकीचं बेताबेताने. पण त्याने तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं, कुणी काही लिहिलंय का. मग तिने सगळंच वाचलं. उडीचं ऐकताना त्याने तिच्याकडे बोट केलं, गुडघ्याचं ऐकताना गॅलरीकडे. कॅमेऱ्याचं आलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. आवाजाची उणीव वाचताना तिचा स्वर आपोआप उतरला आणि ‘बजेट’ तिने गाळलं. तो खुर्ची थोडी फिरवून, उजवी बाजू पुढे करून ऐकत होता.

‘तेवढं पुन्हा वाच.’

तिने पुन्हा वाचलं, या वेळी बजेटसकट. मग निरोप दाखवला, आणि मग, न दाखवता राहवेना म्हणून, आपण लिहून ठेवलेलं उत्तरही दाखवलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं आणि ती त्याच्या तयारीत होती. तो चिडला नाही. मोबाइल टेबलावर ठेवून त्याने कपातला उरलेला चहा संपवला.

‘छान लिहिलंयस,’ तो म्हणाला. ‘पण हे वाचल्यावर तो टक् करायचं थांबवेल.’

त्याने मग जे सांगितलं ते तो इतकी वर्षं कधी बोलला नव्हता, आणि आत्ताही कपाच्या कानाशी चाळा करत, मशिनचा बिघाड समजावून सांगावा तसं सांगत होता. डावं-उजवं करणं काही अवघड नव्हतं, त्याने सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये एक कळ सरकवायची, झालं. त्याने ती सरकवूनही पाहिली होती. आवाज एका बाजूला गेला की त्याच्यासाठी तो नाहीसाच व्हायचा. ताईला बसवून विचारता आलं असतं, चांगलं वाटतं का म्हणून, आणि ताई हो म्हणाली असती. पण मग गेममध्ये असं काहीतरी गेलं असतं जे त्याने स्वतः कधी ऐकलेलंच नाही.

‘जे मला ऐकू येत नाही ते चांगलं झालंय म्हणून मी कुणाला कसं देऊ? जेवढं मला येतं तेवढं दिलं. ते त्याच्या कानात बसलं. आणि जे नाही ते त्याने बरोबर पकडलं.’ त्याचा चेहरा उजळला होता. ‘ताई, माझं नाव-गाव ठाऊक नसताना त्याने माझी चूक काढलीय.’

मग तो उठला आणि त्याने टेबल पुसायलाही वेळ न घेता कॉम्प्युटर उघडला. काळोखाचा मजला मात्र सुधारायला हवा, तो म्हणाला, लोक उगाच मरता कामा नयेत. आवाज आहे तिथेच राहू दे. पण तो स्वतः रस्त्यावर काय करतो? बघतो. खाली सावली हलली का, समोरच्या माणसाने मान कुठे वळवली, दुकानाच्या काचेत काय दिसतंय. तेव्हा थेंब पडायच्या आधी तिथल्या ओल्या जमिनीवर एक बारीकशी चमक येऊ दे, बघणाऱ्याला दिसेल आणि न बघणारा भिजेल. तिने खुर्ची ओढली. त्या काळ्यात चमकेल असा रंग त्यांच्या मोजक्या रंगांत नव्हता. एक काढून एक घालावा लागणार होता. कबुतरांचा काढ, तो म्हणाला, कबुतरं तशीही जास्त झालीत. ती हसली आणि कबुतरांच्या माना एकेक करून राखाडी करत गेली. पहिल्यांदा चमक फार ठळक आली, मग फार पुसट. मग तिने कडेचे दोन ठिपके सोडून मधलाच एक उजळवला आणि ती जमली. धाकटा त्या मजल्यावर गेला, थांबला, खाली बघितलं, थेंब चुकवला. कॉम्प्युटर तिच्याकडे सरकवून त्याने तिलाही जायला लावलं, थेंबांच्या जागा आधी बदलून. ती पाठ असलेल्या वाटेने गेली आणि पहिल्याच वळणावर चिंब झाली. दुसऱ्यांदा ती जागेवर थांबली. टप् झालं, कुठे ते कळेना. तिने डोळे बारीक करून त्या काळोखात जमीन शोधली, आणि चमक दिसल्यावर मगच पाय उचलला.

उत्तर त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं. तुमच्या उणिवा बरोबर आहेत. काळोखाचा मजला दुरुस्त केला आहे, पुन्हा जाऊन बघा. आवाज एका जागी आहे आणि तसाच राहील; आम्ही तो तसा केला आहे. मागे खास गोष्ट काही नाही. शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात घुटमळला. मग तिने ते लिहिलं, आणि त्याने वाचून मान हलवल्यावर पाठवलं. पहिल्या पानाचा विचार तिच्या मनात येऊन गेला नाही असं नाही. येऊन गेला, आणि जाताना मागे फारसं काही ठेवून गेला नाही.

आई घड्या घातलेले कपडे घेऊन आत आली तेव्हा दोघं अजून पडद्याकडे बघत होती. काय चाललंय म्हणून तिने विचारलं. पेपरात यावं तसं आपल्या बादलीवर लिहून आलंय, धाकटा म्हणाला, तुझ्या गुडघ्याची तारीफ आहे आणि माझ्या चुका काढल्यात. आईने चष्मा लावला, मोबाइल लांब धरून ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोटाने सरकवत, पुन्हा वर नेत. वाचलं किती, समजलं किती, सांगता आलं नसतं. तेवढ्यात समोरच्या दारातल्या शेजारीणबाई किल्ली द्यायला आल्या. आईने त्यांना आत यायला सांगितलं नाही, किल्लीही घेतली नाही. उंबऱ्यातच मोबाइल त्यांच्यासमोर धरला, आणि दोघांना आतपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, ‘माझ्या मुलांचं काम आहे. चांगलं पानभर लिहिलंय बघा. उणिवासुद्धा दिल्यात.’